लिहून ठेवलेलं काम तरी सुटतं कसं? वही आणि मोबाइल यांच्यामधली गळती

"अरे, मी लिहून ठेवलं होतं ना!" हे वाक्य ज्यांच्या तोंडी वरचेवर येतं, त्यांच्यासाठी हे लिहितेय. म्हणजे ज्यांना मुळात लिहायची सवय आहे, खिशात किंवा पर्समध्ये छोटी डायरी आहे, मोबाइलमध्ये नोट्सचं ॲप आहे, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज टाकायची युक्ती ठाऊक आहे, आणि इतकं करूनही गॅसची नळी बदलायची राहते, टेलरकडे टाकलेला ब्लाउज तिथेच पडून राहतो, आणि मागच्या महिन्यात सुचलेली एक झकास कल्पना नेमकी काय होती ते आठवत नाही.

माझं काम नागपुरात घरांच्या इंटिरिअरच्या साइट सांभाळण्याचं. बेसा, मनीषनगर, हिंगणा रोड, मधेच एखादी जरीपटक्याला. सुतार, फरशीवाला, इलेक्ट्रिशियन, रंगारी आणि घरमालक हे सगळे आपापलं सांगणं उभ्याउभ्याच कानावर घालतात. माझ्या एका हातात टेप असतो, दुसऱ्यात फोन. सुतार माप प्लायवरच पेन्सिलने लिहितो आणि तो तुकडा कापून टाकतो. त्यामुळे नोंदींचा घोळ मला रोज जवळून बघायला मिळतो. ओळखीतले लोक विचारतात, "ताई, कोणतं ॲप चांगलं?" या प्रश्नाला उत्तर आहे, पण तो बराच पुढचा प्रश्न आहे. नळ गळतो की टाकी, हे न बघता नवा नळ आणून काय फायदा?

आधी गळती शोधा

एक आठवडा काहीही बदलू नका. फक्त काम सुटलं की डायरीच्या शेवटच्या पानावर ते काम लिहा आणि पुढे एक अक्षर टाका. नोंदच झाली नव्हती तर 'न'. नोंद केली होती पण कुठे ते सापडलं नाही तर 'कु'. सापडली पण अर्थ लागला नाही तर 'अ'. सगळं ठीक होतं, पण दिसली तेव्हा वेळ निघून गेली होती, तर 'उ'.

आठवड्याने ते पान बघा. ज्या अक्षराची गर्दी असेल तो तुमचा आजार, आणि चारही आजारांची औषधं वेगळी आहेत. 'न'वाल्या माणसाला फोल्डर आणि लेबलं शिकवून उपयोग नाही, आणि 'उ'वाल्याने तिसरी वही आणली तर त्याचं दुखणं वाढतंच. माझ्या बघण्यात भरपूर लिहिणाऱ्या माणसांच्या पानावर 'कु' सगळ्यात जास्त निघतो. म्हणून खाली त्याच्यावर जास्त लिहिलं आहे.

'न': लिहिलंच गेलं नाही

"लक्षात राहील" म्हणून सोडून दिलेल्या गोष्टी या. माणसाला एका वेळी किती गोष्टी डोक्यात धरता येतात यावर मानसशास्त्रात जुनी चर्चा आहे. जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली सात, त्यात दोन इकडे किंवा तिकडे, असा आकडा मांडला होता. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये तो चारच्या आसपास आणला. आता विचार करा, बाजारात उभं असताना भाजी, पैसे, गाडी कुठे लावली आणि मुलीच्या क्लासची वेळ एवढ्यानेच चार भरले. पाचवं आलं की एखादं बाहेर पडणारच.

इथे तपासायची गोष्ट एकच आहे: विचार सुचल्यापासून पहिलं अक्षर उमटेपर्यंत किती टप्पे लागतात? लॉक उघडा, ॲप शोधा, नवी नोट, कीबोर्ड मराठीवर न्या. एवढ्यात कोणाचा तरी फोन येतो आणि विषय संपतो. अँड्रॉइडवर नोट्सच्या ॲपचं विजेट पहिल्याच स्क्रीनवर ठेवा, आयफोनवर नोट्सचं बटण कंट्रोल सेंटरमध्ये टाका. गूगलच्या कीबोर्डवर स्पेसबार दाबून धरला की भाषा बदलता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. मराठीतून बोलून टाइप करायची सोय गूगलने २०१७ सालीच दिली आहे आणि साध्या वाक्यांना ती चांगली चालते. "उद्या साडेदहाला प्लंबरला फोन करायचा" हे नीट उमटतं. मात्र कीबोर्ड इंग्रजीवर असताना मराठी बोललात की भलतंच काहीतरी येतं, आणि मापं, मॉडेल नंबर, माणसांची आडनावं यांच्यावर तर अजिबात विसंबू नका. "साडेतीन बाय सात" बोलून दाराचं माप टाकलं आणि न वाचता पुढे पाठवलं, तर भुर्दंड सुताराला नाही, आपल्याला पडतो. आकडे बोटांनीच टाइप करा.

गाडीवर असताना सुचलं तर? व्हरायटी चौकात सिग्नलला फोन बाहेर काढणारे रोज दिसतात. तसं करू नका. बाजूला घ्या, थांबा, दोन शब्द लिहा, निघा. थांबण्याइतकं ते महत्त्वाचं वाटत नसेल तर बहुधा नोंदण्याइतकंही नसतं.

कागद इथे अजूनही जिंकतो. डायरी उघडली की पान समोर, ना बॅटरी ना नेटवर्क. पण आपल्या गावात कागदाची निवड जरा बघून करावी लागते, म्हणून थोडं विषयांतर.

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की शर्टाच्या खिशातली डायरी घामाने ओली होते. जेल पेनची शाई पाण्यातली असते, त्यातले बरेच पेन ओलाव्याने पसरतात. साध्या बॉलपेनची शाई तेलकट असते, ती टिकते. जुलैच्या पावसातही तोच नियम. दुसरं, ज्या पेनाचं लिखाण मागच्या रबराने घासून जातं, ते साइटवर किंवा गाडीत ठेवू नका. त्याची शाई घासण्याच्या उष्णतेने रंगहीन होते, साधारण ६० अंशाला. दुपारी उन्हात काचा बंद करून लावलेल्या गाडीचा डॅशबोर्ड तेवढा तापतोच. पानं कोरी दिसतील. घाबरू नका, डायरी प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. शून्याखाली दहा ते वीस अंशांत ती शाई परत दिसू लागते, आणि घरचा फ्रीजर साधारण उणे १८ ला असतो. अक्षरं थोडी फिकी येतात, पण वाचता येतात. मधे खोडलेलंही परत उगवतं, तेवढं समजून घ्या.

तिसरं म्हणजे पेट्रोलपंपाची पावती, एटीएमची चिठ्ठी, दुकानातलं बिल यांच्या पाठीवर लिहिणं. हा थर्मल कागद असतो, उष्णतेने काळा पडतो आणि प्लास्टिकच्या पाकिटात ठेवला तर छपाई पुसट होत जाते. आपण लिहिलेलं राहीलही, पण ज्या बिलासाठी ते लिहिलं ते बिलच वाचता येणार नाही. वॉरंटीचं बिल असेल तर आणल्या दिवशीच फोटो काढा.

'कु': लिहिलं, पण कुठे?

एकदा मोजून बघा. डायरी. ऑफिसची वही. भिंतीवरचं कालनिर्णय, ज्याच्या चौकटीत दुधाचा खाडाही आहे आणि दाताच्या डॉक्टरची वेळही. फ्रिजवरची चिठ्ठी. व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवलेले मेसेज. दुसऱ्याच्या चॅटमध्ये तारा (स्टार) लावून ठेवलेले मेसेज. स्क्रीनशॉट. गॅलरीतले फोटो. रेकॉर्डिंग. ईमेलचे ड्राफ्ट. एवढ्या ठिकाणी काम लिहिलं तर ते सापडायला डोकंच लावावं लागतं, आणि डोक्याचं ओझं उतरवायलाच तर आपण लिहायला बसलो होतो.

इतवारीतल्या जुन्या पेढ्यांवर हिशोब कसा लिहीत, ते ज्यांनी घरात बघितलं असेल त्यांना हा प्रश्न चटकन कळेल. दिवसभर जे येईल, जाईल ते आल्या क्रमाने कीर्दीत, म्हणजे रोजच्या नोंदवहीत. तिथे वर्गवारी नाही, सजावट नाही. मग दुकान आवरताना कीर्दीवरून खतावणी: ज्याचं त्याच्या खात्यावर. कीर्द एकच, आणि खतावणी केल्याशिवाय दिवस संपत नाही. आपण करतो काय, तर दहा कीर्दी उघडतो आणि खतावणी कधीच करत नाही. पुढची सगळी दुरुस्ती या दोन ओळींतच आहे.

पहिली दुरुस्ती: आवक दोनच ठिकाणी. एक कागदाचं, एक मोबाइलचं. कागदाचं म्हणजे एकच छोटी डायरी, घरची-ऑफिसची वेगळी नको. मोबाइलचं म्हणजे एकतर नोट्सचं एक ॲप किंवा व्हॉट्सॲपवरचं स्वतःचं चॅट. दोन्ही नको. बाकीच्या ठिकाणी लिहिणं पाप नाही, फ्रिजवरची चिठ्ठी घरात सगळ्यांना दिसते म्हणून ती राहू दे. फक्त तिथलं काम तुमचं असेल तर ते या दोनांपैकी एका ठिकाणी आलं पाहिजे.

व्हॉट्सॲपबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण आपल्याकडे नव्वद टक्के कारभार तिथेच चालतो, निदान माझा तरी. स्वतःला मेसेज पाठवायची अधिकृत सोय २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये आली. त्याआधी लोक मित्राला घेऊन ग्रुप करत आणि मग मित्राला काढून टाकत. आता नवं चॅट उघडलं की यादीत आपलंच नाव दिसतं. ते चॅट वर पिन करा, नाहीतर लग्नाच्या ग्रुपांखाली ते गाडलं जातं.

त्यात तीन अडचणी येतात. एक, तो प्रवाह आहे. काल लिहिलेलं आज वर सरकतं आणि झालेलं-राहिलेलं सारखंच दिसतं. उपाय: काम झालं की तो मेसेज सरळ डिलीट करा. चॅटमध्ये जे उरलं ते बाकी. दोन, दुसऱ्याचा मेसेज स्वतःला फॉरवर्ड केला की मूळ कोणी पाठवला होता ते नाव येत नाही. "ते निळं वालं फायनल करा" एवढंच हाती राहतं, आणि निळं कोणाचं, कशाचं, हे दोन दिवसांनी ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. फॉरवर्ड करताना खाली लगेच एक ओळ जोडा: कोण, कोणतं घर, कशाबद्दल. तीन, समोरच्याने चॅटला मेसेज आपोआप गायब होण्याची वेळ लावलेली असू शकते. ती २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस असते. अशा चॅटमध्ये आलेल्या कामावर तारा लावून निश्चिंत राहू नका, काम लगेच बाहेर काढून लिहा.

नोट्सच्या ॲपमध्ये "माझी नोंदच उडाली" अशी तक्रार आली की मी आधी वरचा प्रोफाइलचा फोटो बघायला सांगते. फोनवर दोन गूगल खाती असतात, एक घरचं, एक ऑफिसचं, आणि नोंद दुसऱ्या खात्यात बसलेली असते. तिथे नसेल आणि ॲप गूगल कीप असेल, तर त्यातलं अर्काइव्ह बघा. बोट सरकलं की नोंद तिकडे जाते, पुसली जात नाही. तिथेही नसेल तर ट्रॅश. पण ट्रॅशमधलं ७ दिवसांनी कायमचं जातं, तेव्हा शोध आजच घ्या.

आता मराठीत लिहिणाऱ्यांची खास डोकेदुखी. सर्चमध्ये शब्द टाकला आणि नोंद आली नाही, म्हणजे नोंद नाही असं होत नाही. आपण एकाच माणसाला कधी 'मिस्त्री' लिहितो, कधी 'मिस्तरी'. 'प्लायवूड' आणि 'प्लायवुड'. 'बर्डी', 'सीताबर्डी' आणि घाईत रोमन लिपीत. यंत्राला हे सगळे वेगवेगळे शब्द. आकड्यांचंही तेच: मराठी २२ लिहिलं आणि इंग्रजी अंकांत शोधलं तर बऱ्याच ॲपांत हाती काही लागत नाही. म्हणून वरचेवर लागणारे दहा-बारा शब्द ठरवून घ्या, ते कायम एकाच पद्धतीने लिहा, आणि अंक कोणते वापरायचे तेही एकदाच ठरवा. शुद्ध काय, अशुद्ध काय, यात पडू नका. आमच्याकडे 'मिस्तरी' ठरलं आहे. व्याकरणवाल्यांनी माफ करावं.

स्क्रीनशॉट आणि फोटो यांतला छापील मजकूर गूगल लेन्स बऱ्यापैकी वाचतं, देवनागरीसुद्धा. पण आपल्या हस्ताक्षरावर त्याची मजल जाईलच असं नाही. डायरीच्या पानाचा फोटो काढून "आता ते सर्च होईल" असं समजू नका. फोटो आठवण म्हणून ठीक, नोंद म्हणून नाही.

दुसरी दुरुस्ती: रोजचा उतारा. म्हणजे खतावणी. संध्याकाळच्या चहाबरोबर किंवा रात्री जेवणं आटोपल्यावर, दहा मिनिटं, रोज त्याच वेळेला. डायरीतलं आजचं पान आणि मोबाइलमधलं आजचं चॅट समोर घ्या. प्रत्येक ओळीला एकच प्रश्न: याचं पुढे काय? दोन मिनिटांत होण्यासारखं असेल तर तिथेच उरका, जसं की वहिनीला पत्ता पाठवणं. तारखेला बांधलेलं असेल तर कॅलेंडरमध्ये. तारीख नसलेलं काम असेल तर कामांच्या यादीत. काम नसून कल्पना असेल तर कल्पनांच्या वहीत. आणि काहीच नसेल, नुसताच त्या वेळचा उत्साह असेल, तर रेघ मारा. रेघ मारायला लोक फार कचरतात. सुचलेलं सगळंच करायचं नसतं.

पान उतरवून झालं की त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारा आणि वरचा उजवा कोपरा कात्रीने इतकुसा कापा. पुढे डायरी उघडताना अंगठा आपोआप पहिल्या न कापलेल्या पानावर थांबतो. बुकमार्क, फीत, चिकटपट्ट्या, कशाचीच गरज लागत नाही. साइटवर हातमोजे घातलेले असतानाही हे जमतं.

"पण लिहिलं की डोकं मोकळं होतं म्हणतात, माझं तर होत नाही," ही तक्रारही इथेच सुटते. अर्धवट राहिलेलं काम पुऱ्या झालेल्या कामापेक्षा जास्त लक्षात राहतं, असं ब्लुमा झायगार्निक यांनी १९२७ साली मांडलं होतं. पुढे २०११ मध्ये मासिकाम्पो आणि बाउमायस्टर या दोघांनी दाखवलं की काम पूर्ण न करताही, ते कधी-कसं करायचं याची नेमकी आखणी झाली तरी मनातली टोचणी कमी होते. कच्च्या नोंदीत आखणी नसते. 'बँक' एवढं लिहिलं तर मन विचारत राहतं, बँक काय? उताऱ्यात ते 'सोमवारी अकराला बँकेत, केवायसीचा फॉर्म आणि पॅनची झेरॉक्स' असं झालं की ते गप्प बसतं.

'अ': सापडलं, पण कळलं नाही

मागच्या पावसाळ्यातली माझ्याच डायरीतली एक ओळ देते: "हँडल २ वरचं." एवढंच. वरच्या मजल्यावरचं? वरच्या कप्प्याचं? दोन नग हवेत की दोन नंबरचं डिझाइन? शेवटी मिस्तरीलाच फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, तुमाले सांगितलं होतं ना, ओट्याच्या वरच्या शटरचे दोन हँडल ढिले होऊन राहिले म्हणून." तो बरोबर होता.

ती ओळ अशी हवी होती: "ओट्यावरच्या दोन शटरची हँडल बदलून घ्यायची, मिस्तरी, गुरुवारच्या आत, नमुना बॅगेत." क्रियापद, माणूस, कधीपर्यंत, आणि वस्तू कुठे आहे. चारही दर वेळी लागत नाहीत, पण क्रियापद सोडू नका. मराठीत 'करायचं, विचारायचं, द्यायचं, आणायचं' असं शेवटी येतं, त्यामुळे घाईत नेमकं तेच गळतं. सवय लागेपर्यंत क्रियापदच पहिलं लिहा: "विचारायचं: पाण्याच्या टाकीचं झाकण." वाचायला ओबडधोबड दिसतं, पण चालतं.

कल्पनांचं मात्र उलट. तिथे क्रियापद नको, तिथे संदर्भ हवा. कुठे बसलो होतो, काय बघून सुचलं, कोणत्या कामासाठी. "जुन्या खिडक्यांची जाळी" या तीन शब्दांवरून काही आठवत नाही, पण "महाल भागातल्या वाड्याची जाळीची खिडकी बघून, बेसाच्या घरातल्या पार्टिशनसाठी" म्हटलं की चित्र परत उभं राहतं. आणि कल्पना कामांच्या यादीत कालवू नका. यादीत "दूध, लाइट बिल, पुस्तक लिहायचं" असं एकाखाली एक आलं की पुस्तक रोज राहतं आणि हळूहळू डोळे ती यादीच टाळायला लागतात. डायरीत लिहितानाच कामापुढे चौकोन आणि कल्पनेपुढे चांदणी काढा, उतारा सोपा जातो.

'उ': दिसलं, पण उशिरा

रिमाइंडर वाजलंच नाही, ही यातली निम्मी प्रकरणं. अँड्रॉइड १३ पासून नव्याने टाकलेल्या ॲपला सूचना दाखवायची परवानगी वेगळी मागावी लागते. पहिल्याच वेळी आपण घाईत नको म्हटलेलं असतं. अँड्रॉइड १४ मध्ये 'अलार्म आणि रिमाइंडर' नावाची आणखी एक परवानगी आहे, तीही सेटिंगमध्ये जाऊन बघा. आणि बऱ्याच फोनांत बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी ॲप झोपवली जातात. त्या ॲपच्या बॅटरीच्या सेटिंगमध्ये जाऊन बंधन काढा, 'ऑटोस्टार्ट' असा पर्याय असेल तर तो चालू करा. मग चाचणी घ्या, पण दोन मिनिटांनंतरचं रिमाइंडर लावून नको, तेवढ्यात फोन झोपत नाही. दोन तासांनंतरचं लावा, स्क्रीन बंद करा आणि फोनला हात लावू नका. कीपमध्ये लावलेलं रिमाइंडर तिथे दिसेना, तर गूगल टास्क्स आणि कॅलेंडर उघडा. गूगलने ही रिमाइंडरं आता टास्क्सकडे वळवली आहेत.

उन्हाळ्यात आणखी एक: गाडीच्या डॅशबोर्डवर मॅपसाठी लावलेला फोन तापला की थंड होईपर्यंत काही कामं बंद करतो. त्या दुपारी महत्त्वाचं काही असेल तर भरवसा कागदावर ठेवा.

उरलेली निम्मी प्रकरणं अशी की रिमाइंडर वाजतं, पण भलत्या वेळी. सकाळी अकराला "लोहा ओळीतून बिजागऱ्या आणायच्या" असं वाजलं आणि तुम्ही हिंगणा एमआयडीसीत असाल तर ते सरकवून देण्याशिवाय काय करणार? अशा कामांना वेळ नसते, जागा असते. म्हणून माझी कामांची यादी तारखेवर नाही, ठिकाणावर आहे: बर्डी, इतवारी, धरमपेठ-गोकुळपेठ, वर्धा रोड, फोनवर, घरी. इतवारीला निघाले की इतवारीचं पान उघडायचं. मनीषनगरहून तिकडे जाऊन, गाडी लावायला जागा शोधून, एक वस्तू घेऊन परत येणं आणि घरी पोचल्यावर दुसरी आठवणं, याच्याइतका मनस्ताप नाही. मेट्रोने जाणाऱ्यांना सोपं आहे, बर्डीला गाडी बदलताना बर्डीचं पान बघून घ्यायचं.

ज्याला खरीच वेळ आहे ते कॅलेंडरमध्ये, आणि रिमाइंडर कामाच्या वेळेचं नको, निघायच्या वेळेचं हवं. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन चालू असेल त्या आठवड्यांत त्यात अर्धा तास आणखी घाला, सिव्हिल लाइन्सकडून जायचं असेल तर विचारूच नका.

घरातल्यांचं काय?

तुमची शिस्त लागते, पण आईला मोबाइलवर लिहायला आवडत नाही आणि नवऱ्याला कागद आवडत नाही. कोणालाही बदलायला जाऊ नका. आईची यादी भिंतीवर राहू दे. तिने लिहिलं की ज्याच्या हाताला फोन लागेल त्याने सामाईक यादीत उतरवायचं. कीपमधली यादी दोघा-तिघांत वाटून घेता येते आणि एकाने खूण केली की दुसऱ्याला दिसते. आमच्याकडे किराण्यापुरतं हे चालतं. इतर बाबतीत अजूनही "तुला सांगितलं होतं ना" चालतं, त्यावर माझ्याकडे तोडगा नाही.

जुना साठा आणि मोडलेली साखळी

इथपर्यंत वाचून कोणी उत्साहाने तीन जुन्या वह्या, शेकड्यांनी स्क्रीनशॉट आणि दोन वर्षांचं चॅट उतरवायला बसेल, तर तिसऱ्या दिवशी सगळंच सोडून देईल. फक्त मागचा एक महिना बघा. त्याआधीच्या वह्या खोक्यात घाला, स्क्रीनशॉटचं वेगळं फोल्डर करा, आणि त्यातलं जे खरंच लागणार आहे त्यासाठी कोणाचा तरी फोन येईलच.

लग्नसराई, गणपती, घरात आजारपण, अशा दिवसांत उतारा मोडणार. चार दिवस गेले की डायरीची आठ पानं तुंबलेली दिसतात आणि मग ती उघडायचीच भीती वाटते. तेव्हा पहिल्या पानापासून सुरू करू नका. आजची तारीख टाकून आडवी रेघ ओढा, आजचं उतरवा, आणि मग मागे-मागे जा, रोज एक जुनं पान. मागच्या पानांवरची बरीच कामं तोवर झालेली असतात किंवा मेलेली असतात, ती वाचतानाच कापली जातात. जे उरतं ते सहसा फोन करण्याचं असतं. तो फोन उताऱ्याच्या वेळेतच करून टाका, यादीत परत चढवू नका.